भरपूर वाचलं तर श्रद्धा डळमळते का, आणि श्रद्धा असली तर वाचन एकांगी होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चर्चमध्ये लहानाची मोठी झालेली एक व्यक्ती आता इतिहास, विज्ञान, कादंबऱ्या, इतर धर्मांचे ग्रंथ असं सगळंच वाचते. मंडळीतले, म्हणजे चर्चच्या समुदायातले, ज्येष्ठ म्हणतात, पवित्र शास्त्र (बायबल) असताना बाकीचं कशाला? बाहेरचे मित्र म्हणतात, श्रद्धा ठेवून वाचणारा निकाल आधी लावतो आणि पुरावे मागाहून शोधतो. मग या दोन्हींतून जगाकडे पाहण्याची दृष्टी नेमकी घडते कशी, आणि वाचावं कसं? मी बरीच वर्षं उपदेश करतोय, पाळकीय शिक्षण घेणाऱ्यांना शिकवतोय आणि विश्वासणाऱ्यांचं एक वाचनमंडळही चालवतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ज्येष्ठ आणि मित्र एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं वाटतं, पण दोघांनी एक गोष्ट सारखीच धरून ठेवली आहे. श्रद्धा आणि वाचन एकाच जागेसाठी भांडतात, एक वाढलं की दुसरं घटणारच, असं दोघांनाही वाटतं. मला ते पटत नाही, कारण दोघांची कामंच वेगळी आहेत. ख्रिस्ती श्रद्धा जगाबद्दलची माहिती तशी फार कमी देते. समोरचा माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, मी स्वतः पापी असल्यामुळे माझी नजर माझ्या सोयीच्या बाजूला वळते, आणि शेजाऱ्याचं मी काही देणं लागतो, एवढं ती ठासून सांगते. पण हा शेजारी कोण, त्याच्यावर काय बेतलंय, ते कोणामुळे बेतलंय, हे ती सांगत नाही. ते पाहून, ऐकून आणि वाचूनच कळतं. वाचन साक्षीदार आणून उभे करतं, आणि त्यांची साक्ष ऐकल्यावर तू काय करणार, हे श्रद्धा विचारते.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगितलं तर फारच गोड वाटेल, म्हणून मी वर्गात नेहमी जे उदाहरण घेतो तेच इथे घेतो. उदाहरण नीटस नाही, आणि म्हणूनच ते मला आवडतं.

बार्तोलोमे द लास कासास हा स्पॅनिश माणूस १५०२ साली हिस्पॅनिओला बेटावर गेला. पुढे तो धर्मगुरू झाला, तरी क्यूबात त्याच्याकडे जमीन होती आणि त्या जमिनीवर राबायला राजसत्तेच्या व्यवस्थेने नेमून दिलेले मूळ रहिवासी होते. मिस्सा अर्पण करणारा हा माणूस वेठबिगारीवर जगत होता. १५११ साली अंतोनियो द मोंतेसिनोस या डोमिनिकन संन्याशाने हिस्पॅनिओलात वसाहतवाल्यांना तोंडावर विचारलं होतं, ही माणसं नाहीत काय? तो उपदेश गाजला. लास कासासच्या जगण्यात मात्र त्याने लगेच काही फरक पडला नाही. एका डोमिनिकनाने तर माणसं बाळगतो म्हणून त्याला पापक्षमा द्यायचं नाकारलं होतं, तरीही नाही. मग १५१४ साली उपदेशाची तयारी करताना त्याने सिराखाच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय वाचला. गरिबाचं हिरावून घेऊन त्याचं अर्पण करणं म्हणजे बापाच्या डोळ्यांदेखत मुलाचा बळी देणं, मजुराची मजुरी बुडवणं म्हणजे रक्त सांडणं, अशा अर्थाची वचनं तिथे आहेत. ती त्याने नक्कीच आधीही वाचली असतील. पण आता क्यूबातल्या कत्तली त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. काही दिवस तो विचार करत राहिला, मग त्याने आपल्याकडची माणसं सोडून दिली आणि तसं जाहीर उपदेशात सांगितलं. (जाता जाता: सिराखाचा हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. ‘फक्त आपलंच शास्त्र पुरे’ म्हणणाऱ्या माझ्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींनी यावर जरा विचार करावा.)

गोष्ट इथेच थांबली असती तर ती उपदेशात घालायला फार सोयीची होती. पण याच लास कासासने पुढे मूळ रहिवाशांवरचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत असं सुचवलं. एका शेजाऱ्यासाठी डोळे उघडले होते, दुसऱ्यासाठी ते मिटलेलेच राहिले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेत माणसं कशी धरली, कोणत्या अन्यायाने त्यांना गुलाम केलं, याची हकीकत कळल्यावर त्याला आपल्या सूचनेचा मनापासून पश्चात्ताप झाला, आणि आपल्या इतिहासग्रंथात त्याने तो लिहून ठेवला. श्रद्धा दोन्ही वेळा तीच होती. आफ्रिकेची साक्ष तेवढी त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

आता दुसरी बाजू. १५५० आणि १५५१ साली स्पेनमधल्या वायादोलिदला एक वाद झाला. मूळ रहिवाशांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का, हा त्याचा विषय. लास कासाससमोर होता हुआन हिनेस द सेपुल्वेदा. हा काही अडाणी माणूस नव्हता. ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथाचं त्याने लॅटिन भाषांतर केलं होतं आणि काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात हा मुद्दा त्याने तिथूनच उचलला. दोघंही ख्रिस्ती होते आणि दोघांचंही वाचन अफाट होतं. लास कासासनेही ग्रीक-रोमन समाजांशी तुलना करत मूळ रहिवाशांच्या संस्कृतीवर प्रचंड मोठा ग्रंथ रचला. मग फरक कुठे पडला? सेपुल्वेदा अमेरिकेत कधी गेलाच नाही. ज्यांच्याबद्दल तो लिहीत होता त्यांच्यापैकी कोणाचीही साक्ष त्याच्या ग्रंथालयात नव्हती. ती असावी असंही त्याला वाटलं नाही. म्हणून ‘खूप वाचा म्हणजे दृष्टी विशाल होईल’ हे वाक्य मी कोणाला सांगत नाही. शेकडो पुस्तकं वाचूनही एकाच बाजूचे साक्षीदार पुन्हापुन्हा तपासता येतात, आणि ते करणाऱ्याला आपण फार व्यासंगी आहोत असंही वाटत राहतं.

ज्येष्ठांचा आक्षेप मी थट्टेवारी नेत नाही. त्यांच्या काळजीला शास्त्राचा आधार आहे आणि मंडळीच्या इतिहासातही त्यांना बऱ्यापैकी सोबत आहे. अथेन्सचा यरुशलेमेशी, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा श्रद्धेशी, संबंध काय, असं तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास विचारलं होतं. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याला स्वप्न पडलं की न्यायासनासमोर त्याला सांगितलं जातंय, तू ख्रिस्ती नाहीस, तू सिसेरो या रोमन लेखकाचा आहेस. त्याने घाबरून ती पुस्तकं न वाचण्याची शपथ घेतली. पुढे त्याच्या लेखनात व्हर्जिल आणि सिसेरो येतच राहिले, आणि रुफिनस या जुन्या मित्राने त्यावरून त्याला टोचायला कमी केलं नाही. दुसऱ्या बाजूला जस्टिन हुतात्मा हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती विचारवंत बाप्तिस्म्यानंतरही तत्त्वज्ञाचा पोशाख घालून हिंडायचा आणि ग्रीक विचारवंतांमध्येही देवाच्या शब्दाचं बीज पडलेलं आहे असं सांगायचा. ऑगस्टीन तर म्हणतो की वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचं एक पुस्तक वाचलं आणि त्यामुळे आपल्या प्रार्थनाच बदलल्या. सिसेरो ख्रिस्तापूर्वीचा. ते पुस्तक आज हरवलेलं आहे, थोडे तुकडे उरलेत. मंडळीच्या सर्वांत मोठ्या शिक्षकांपैकी एकाला देवाकडे वळवणारं पहिलं पुस्तक ख्रिस्ती नव्हतं.

खुद्द शास्त्रात काय आहे ते पाहा. वाचनावर बोलणं निघालं की ‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे वचन हमखास निघतं. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेली ही ओळ मेनांडर या ग्रीक विनोदी नाटककाराची म्हणून ओळखली जाते. म्हणजे वाईट संगतीपासून सावध करताना पौल नाटकातलं वाक्य वापरतो आहे. अथेन्समध्ये बोलताना तो ‘आम्ही त्याचा वंश आहोत’ ही अराटस या कवीची ओळ घेतो. मूळ कवितेत ती झ्यूसबद्दल आहे. हे त्याला ठाऊक नसेल असं मानायला काही कारण नाही. दानीएलाची गोष्ट तर याहून मार्मिक आहे. बाबेलात त्याला आणि त्याच्या सोबत्यांना तीन वर्षं खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकवायचं ठरलं. त्यांनी राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं, शाळा नाकारली नाही. परीक्षेत ते सगळ्यांच्या पुढेच निघाले. रेषा कुठे ओढायची हे त्यांना नेमकं कळत होतं, आणि ती त्यांनी पुस्तकांवरून ओढली नाही.

याच्याही पुढे जाऊन मी म्हणेन की अनेक आवाज ऐकण्याची सवय ज्याने लावून घेतलेली नाही त्याला बायबलही धड वाचता येत नाही. ते एक पुस्तक दिसतं खरं, पण आत सहासष्ट पुस्तकं आहेत (कॅथलिक गणतीने त्र्याहत्तर) आणि ती एकमेकांशी वाद घालतात. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन सांगतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. पाचवं वचन सांगतं, दे. दोन्ही शेजारीशेजारी, आणि संपादकाने एकही खोडलं नाही. नीतिमानाचं भलं होतं हे नीतिसूत्रं सांगतात, आणि दोष नसताना सर्वस्व गमावलेला नीतिमान ईयोब राखेत बसून त्याला आव्हान देतो. याच नीतिसूत्रांच्या एका भागाचं इजिप्तच्या आमेनेमोपेच्या बोधवचनांशी इतकं साम्य आहे की अभ्यासकांना त्याचा विचार टाळता येत नाही. ‘बाहेरचं’ म्हणजे नेमकं कुठलं, हा प्रश्न शास्त्राच्या पानांतच उभा आहे.

ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या त्याच्या तीन मित्रांवर मी थोडा थांबतो. हे तिघं जे बोलतात ते फार धार्मिक आहे. त्यातली कितीतरी वाक्यं आजही प्रार्थनासभेत शोभून जातील. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ओरडणारा, देवाला कोर्टात खेचू पाहणारा ईयोब योग्य ठरतो आणि देवाची बाजू मांडणारे चुकीचे ठरतात. का? माझ्या मते, कारण त्यांनी समोरच्या माणसाचं ऐकलंच नाही. त्यांच्याजवळ उत्तर तयार होतं, ते खरं ठरावं म्हणून ईयोबाने पापी असणं त्यांना भाग होतं, म्हणून त्यांनी त्याच्यावर आरोप रचले. बाविसाव्या अध्यायात अलीफज चक्क सांगतो की तू विधवांना रिकाम्या हाताने घालवून दिलंस. त्याला काडीचाही पुरावा नाही. देवाच्या बाजूने बोलतोय अशा समजुतीत त्याने शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली.

वाचावं कसं, याचं माझं उत्तर याच आज्ञेत आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण कोर्टापुरती आणि गावगप्पांपुरती ठेवतो. लेखकही शेजारीच आहे, मेलेला असला तरी. एखाद्या निरीश्वरवादी लेखकाचं पुस्तक न वाचता, कुणीतरी व्हिडिओत सांगितलेल्या सारांशावरून त्याची खिल्ली उडवणं म्हणजे ही आज्ञा मोडणंच आहे. इस्लामबद्दल, बौद्ध धम्माबद्दल, हिंदू दर्शनांबद्दल, मार्क्सबद्दल फक्त खंडनाच्या पुस्तिका वाचून बोलणं हेही तेच. माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम हटकून देतो. न पटलेल्या पुस्तकाचं म्हणणं एका पानात असं लिहा की लेखकाने वाचलं तर तो म्हणेल, बरोबर, हेच मला म्हणायचं होतं. ते पान जमेपर्यंत उत्तर लिहायची परवानगी नाही. हे काम वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. बहुतेकांच्या पहिल्या पानात लेखक मूर्ख तरी निघतो, नाहीतर लबाड.

याचा एक मोठा नमुना कादंबरीत सापडतो. ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ लिहिताना दोस्तोयेव्हस्की ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने लिहीत होता. तरी त्याने इव्हान या अविश्वासी पात्राच्या तोंडी लहान मुलांच्या यातनांवरून देवाच्या जगाविरुद्ध जो खटला घातला आहे, त्याहून कडक खटला क्वचितच कुणा नास्तिकाने घातला असेल. मुलांच्या छळाचे ते प्रसंग त्याने वर्तमानपत्रांतून घेतलेले, खरे होते. १८७९ साली कादंबरी क्रमशः छापून येत असताना पुढच्या भागात आपण देतोय ते उत्तर पुरेसं पडेल का, अशी धास्ती त्याने पत्रात लिहून ठेवली आहे. मला ही धास्ती फार मोलाची वाटते. प्रतिपक्षाला मुद्दाम दुबळं करून ठेवलं असतं तर त्याला रात्री झोप आली असती, पण मग ती कादंबरी आज कुणी वाचली नसती.

कादंबऱ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मंडळीत सर्वांत जास्त नाकं मुरडली जातात ती त्यांच्यावर. खोट्या गोष्टी वाचून काय मिळणार, असं विचारतात. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला धर्मगुरू टाळून जातात आणि परका शमरोनी मदत करतो, ही येशूने सांगितलेली गोष्टही घडलेली म्हणून सांगितलेली नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात शास्त्री येशूची परीक्षा पाहायला येतो. येशू त्यालाच विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलं आहे, तू ते कसं वाचतोस? शास्त्र्याचं उत्तर अगदी अचूक आहे. देवावर प्रीती कर, शेजाऱ्यावर प्रीती कर. पूर्ण गुण! आणि तरी त्याला पळवाट हवी आहे, म्हणून तो विचारतो, माझा शेजारी कोण? इथे येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. गोष्ट संपते तेव्हा शास्त्र्याला तिरस्कृत शमरोन्याला चांगलं म्हणावं लागतं, आणि ‘शमरोनी’ हा शब्दही तो उच्चारत नाही. ‘ज्याने दया केली तो’ एवढंच बोलतो. चांगली कथा वाचकाला असंच गाठते. पापाचा सिद्धान्त आम्ही धर्मशिक्षणात शिकवतो, पण भला माणूस पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला स्वतःला समजावत कसा खाली उतरतो हे आतून पाहायचं असेल तर कादंबरीसारखं साधन नाही. कादंबरी वाचणारा पाळक कबुलीजबाब ऐकताना कमी दचकतो, एवढं मी माझ्या जबाबदारीवर सांगतो.

मित्रांच्या आक्षेपाकडे वळतो. श्रद्धा ठेवून वाचणारा आपल्याला हवं तेच वाचतो, हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याचा छापील पुरावा उपलब्ध आहे. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे ‘निवडक भाग’ छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय असतात, या आवृत्तीत २३२ उरले. मोशे फारोकडे जाऊन माझ्या लोकांना जाऊ दे म्हणतो तो भाग गाळला. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन गाळलं. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं हे वचन मात्र ठेवलं. गुलामांना ख्रिस्ती करू पाहणाऱ्या मिशनच्याच उपयोगासाठी ही निवड झाली होती.

ते पुस्तक पाहून आपल्याला संताप येतो आणि यायलाच हवा. पण प्रत्येक मंडळीची एक न छापलेली निवडक आवृत्ती असते, हे मी वाचनमंडळात पुन्हापुन्हा सांगतो. एखाद्या पाळकाच्या वर्षभराच्या उपदेशांची वचनं काढून बघा. गरिबांवरच्या अन्यायाविरुद्ध बोलणारा संदेष्टा आमोस किती वेळा आला? याकोबाच्या पत्रातला मजुरांच्या थकवलेल्या मजुरीचा पाचवा अध्याय किती वेळा? आपण कात्री चालवत नाही, पानं तेवढी उलटून पुढे जातो. ही सवय मोडायला बाहेरचं वाचन लागतं. फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र १८४५ साली आलं. हा अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेला माणूस. लहानपणी मालकीण त्याला अक्षरं शिकवू लागली तेव्हा मालकाने तिला थांबवलं, वाचायला आलं की गुलाम कामाचा राहत नाही म्हणून. मालकाचं निदान अचूक होतं. पुढे त्याने चोरूनमारून वाचायला शिकून घेतलं, पन्नास सेंटांना भाषणांचं आणि संवादांचं एक पुस्तक विकत घेतलं, आणि त्यातल्या मालक-गुलाम संवादाने त्याला बोलण्याची भाषा दिली. आत्मचरित्राच्या शेवटी जोडलेल्या मजकुरात तो सांगतो की या देशातला ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर मला दिसतं, आणि दुसऱ्यावर प्रेम आहे म्हणूनच पहिल्याचा तिटकारा आहे. ज्या माणसाचं हे वाचून झालं आहे तो इफिसकरांच्या पत्रातलं दासांविषयीचं वचन पूर्वीसारखं सहज वाचू शकत नाही. वचन तेच असतं, पण आता ते ऐकणारा आणखी एक माणूस खोलीत आहे हे वाचकाला ठाऊक असतं.

विज्ञानाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण यावर गरजेपेक्षा जास्त शाई खर्च झाली आहे. पृथ्वी, आकाश, ताऱ्यांच्या गती याबद्दल ज्यांना नीट माहिती आहे अशा अविश्वासणाऱ्यांसमोर ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन भलतंसलतं बोलणं लाजिरवाणं आणि घातक आहे, असं ऑगस्टीनने उत्पत्तीवरच्या भाष्यात बजावलं होतं. या गोष्टींत तुम्ही चुकताय हे त्यांना दिसलं तर पुनरुत्थानाबद्दलचं तुमचं म्हणणं ते कसं मानतील, असा त्याचा रोकडा सवाल. गॅलिलिओने १६१५ च्या आपल्या पत्रात ऑगस्टीनचाच आधार घेतला. तरी १६३३ साली त्याला शिक्षा झाली आणि त्याचं पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेलं. रोमची ती यादी १५५९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये रद्द झाली. चारशे वर्षं माणसांना पुस्तकांपासून जपून श्रद्धा किती बळकट झाली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

उलट बाजूचा मोहही तितकाच धोक्याचा आहे. जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली मांडलं आणि १९३१ मध्ये विश्वाच्या आरंभीच्या ‘आद्य अणू’ची कल्पना पुढे केली. १९५१ साली पोपनी एका भाषणात या नव्या विज्ञानाला निर्मितीच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेर आहे, अशीच त्यांची भूमिका राहिली. नाझींनी तुरुंगात टाकलेले जर्मन पाळक बोनहॉफर यांनी १९४४ च्या मे महिन्यात तिथे भौतिकशास्त्रावरचं एक पुस्तक वाचलं आणि मित्राला लिहिलं की आपल्या अपुऱ्या ज्ञानाच्या फटी बुजवायला देवाला वापरू नये, ज्ञान वाढेल तसा असा देव मागे मागे सरकत जातो. विज्ञानाची पुस्तकं देवाच्या बाजूचे वा विरोधातले पुरावे गोळा करायला वाचू नका, मुंग्यांबद्दल वाचायचं तर मुंग्यांसाठी वाचा.

अति वाचनाचा धोका ज्येष्ठांना वाटतो तिथे नाही, पण धोका आहेच. ज्ञान फुगवतं, असं पौल करिंथकरांना लिहितो. खूप वाचणाऱ्या माणसाला हळूहळू सगळ्याच बाजू कळू लागतात आणि मग कुठलीच बाजू घ्यायची गरज वाटेनाशी होते. प्रत्येक अन्यायाचा इतिहास त्याला पाठ असतो, पण कुणाच्या दारात तो उभा राहिलेला नसतो. पुष्कळ ग्रंथ करण्याला अंत नाही आणि फार अभ्यास देहाला शिणवतो, हे बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातलं वाक्य आळशांनी ढालीसारखं वापरलं असलं तरी खरं आहे.

राहिली श्रद्धा डळमळण्याची गोष्ट. होय, डळमळते. वाचता वाचता श्रद्धा सोडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या काहींशी माझी मैत्री टिकून आहे. त्यांच्याशी बोलून माझं जे मत बनलं ते असं: पुस्तकातल्या युक्तिवादाने गेलेले थोडे. आपल्यापासून काहीतरी लपवलं गेलं, प्रश्न विचारल्यावर दटावलं गेलं, चुकीची माहिती खात्रीने दिली गेली, हे कळल्यामुळे गेलेले जास्त. मंडळीवरचा भरवसा आधी गेला, देवावरचा नंतर. म्हणून प्रश्न दाबणाऱ्या पालकांना आणि पाळकांना मी पंडिता रमाबाईंकडे बोट दाखवतो. संस्कृत विद्येत मुरलेल्या या बाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तांबद्दल त्या ज्येष्ठ ख्रिस्ती भगिनींना पत्रांतून बिनधास्त प्रश्न विचारत राहिल्या. सद्सद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाच्या स्वाधीन केली नाही. त्या काळी त्यांना उद्धट ठरवणारे होतेच. याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली छापून पूर्ण झालं. प्रश्न विचारणं आणि शास्त्रावर आयुष्य वाहणं या दोन गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदल्या. कवी नारायण वामन टिळकांनीही ख्रिस्ताकडे येताना तुकोबांना मागे टाकलं नाही, उलट त्यांच्याच मार्गाने आपण आलो असं ते मानत.

एखाद्या पुस्तकाने तुम्हाला हादरवलं तर त्याच रात्री इंटरनेटवर त्याचं खंडन शोधू नका. घाईत सापडलेलं उत्तर बहुधा दुबळं असतं आणि ते पुढे जास्त त्रास देतं. नेमकं काय खटकलं ते एका वाक्यात लिहा. कित्येकदा लिहिताना कळतं की खटकलेली गोष्ट पुस्तकातली नाहीच, उपदेशात ऐकलेली एखादी कच्ची गोष्ट उघडी पडली आहे. मग त्या विषयावरचं सर्वांत चांगलं लेखन दोन्ही बाजूंचं वाचा, वेळ लागू द्या. तोवर प्रार्थना थांबवण्याचं कारण नाही. तक्रारीच्या स्वरातली स्तोत्रं त्यासाठीच आहेत, आणि तुमच्यापेक्षा कडू शब्दांत देवाशी बोललेली माणसं तिथे भेटतील.

सुरुवात कुठून करावी म्हणाल तर माझा सल्ला जरा गैरसोयीचा आहे. आपल्या समाजाने, आपल्या मंडळीने किंवा आपल्या गटाने ज्यांना दुखावलं आहे त्यांच्यापैकी कुणीतरी स्वतः लिहिलेलं एक पुस्तक आधी घ्या. त्यांच्याबद्दल आपल्या माणसाने लिहिलेलं नको. त्यासोबत आमोस किंवा याकोबाचं पत्र ठेवा, दोन्ही छोटी आहेत. नंतर दुसऱ्या धर्माबद्दलचं एक पुस्तक, पण तो धर्म मनापासून पाळणाऱ्याचं. आपल्या शतकाबाहेरचं एखादं, कारण आपल्या काळाच्या चुका आपल्याच काळाच्या लेखकांना दिसणं कठीण असतं. बाकी विज्ञान, कविता, कादंबरी यांचा क्रम आवडीने ठरवा. आणि ज्येष्ठांशी या विषयावर बोलताना मेनांडरचं नाव सांगून त्यांना गप्प करण्याचा मोह आवरा. त्यांना विचारा की तुमच्या तरुणपणी तुम्हाला कुठल्या पुस्तकाने अस्वस्थ केलं होतं. मी हे विचारलंय, आणि कितीतरी वेळा उत्तर ऐकायला खुर्ची ओढून बसावं लागलंय.